रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना पोट दुखलं तर: आतड्यातला रक्तस्राव ओळखणं आणि हाताळणं

वॉर्फरिन किंवा असेनोकुमारॉल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाचं पोट दुखू लागलं, की पहिला संशय अपचनावर जातो. आधी अ‍ॅसिडिटीची गोळी, मग गॅसचं औषध, मग कंबरेत एक वेदनाशामक इंजेक्शन, असे दोन-तीन दिवस निघून जातात. उलट्या थांबेनाशा झाल्या की रुग्णालय गाठलं जातं आणि तिथे आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा, ८ किंवा १० निघतो. सीटी स्कॅनमध्ये लहान आतड्याची भिंत रक्ताने फुगलेली दिसते. शौचातून मात्र रक्ताचा थेंबही गेलेला नसतो, म्हणून रक्तस्रावाचा विचार कोणाच्या मनातच आलेला नसतो.

हे मार्गदर्शन त्या दोन-तीन दिवसांसाठी आहे. वॉर्फरिनच्या जातीची गोळी चालू आहे आणि पोटात नवं दुखणं सुरू झालं आहे, तर इतर काहीही करण्याआधी आयएनआर तपासा. आजार लवकर सापडला तर तो सहसा ऑपरेशनशिवाय बरा होतो. उशीर झाला किंवा निदान चुकलं, तर मात्र पोट उघडण्याची वेळ येते, आणि रक्त गोठत नसलेल्या माणसाचं पोट उघडणं फार जोखमीचं असतं.

भिंतीत रक्त कसं साचतं

‘रक्त पातळ होणं’ हा बोलण्यातला शब्द आहे. रक्त पाण्यासारखं होत नाही, त्याला गोठायला वेळ लागतो. गोठण्याच्या साखळीतले २, ७, ९ आणि १० क्रमांकाचे घटक यकृत जीवनसत्त्व के वापरून तयार करतं. वापरलेलं जीवनसत्त्व के पुन्हा कामाला लावणारं विकर (एन्झाइम) या गोळ्या बंद पाडतात. मग नवे घटक निकामी बनतात, आणि जुने संपत जातील तसा औषधाचा परिणाम दिसतो. सातवा घटक काही तासांतच निम्मा होतो, दुसऱ्या क्रमांकाच्या घटकाला निम्मं व्हायला अडीच-तीन दिवस लागतात. म्हणून आज वाढवलेल्या गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला पाच-सात दिवस जातात, आणि आज बंद केलेली गोळी उद्या ‘उतरत’ नाही. वॉर्फरिन स्वतः शरीरात निम्मं व्हायला साधारण ४० तास लागतात, असेनोकुमारॉलला ८ ते ११ तास.

आयएनआर हे या गोठण्याच्या वेळेचं मोजमाप. औषध न घेणाऱ्या निरोगी माणसात तो १ च्या आसपास असतो. हृदयाची अनियमित लय किंवा पायातली गुठळी यासाठी तो २ ते ३ ठेवतात, हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या, म्हणजे मायट्रल, जागी बसवलेल्या यांत्रिक झडपेसाठी २.५ ते ३.५. तो ४.५ ते ५ च्या पुढे गेला की रक्तस्रावाचा धोका झपाट्याने चढू लागतो.

आतड्याच्या आतल्या अस्तराखाली एक सैल थर असतो आणि त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. अशी एखादी वाहिनी फुटणं ही मोठी घटना नाही. एरवी काही मिनिटांत तिला बूच बसतं आणि कोणाला कळतही नाही. आयएनआर खूप वाढलेला असेल तर ती पाझरत राहते. त्या सैल थरात रक्ताला अडवणारं काही नसल्यामुळे ते आतड्याच्या लांबीच्या दिशेने पसरत जातं, कधी वीतभर तर कधी हातभर. भिंत जाड होते, आतली पोकळी चिंचोळी होते आणि अन्न पुढे सरकत नाही. म्हणजे सुरुवात रक्तस्रावाने होते, पण रुग्णाला जाणवतो तो अडथळा. मार लागण्याची गरज नसते. जोराचा खोकला किंवा उलटीची उबळही पुरते, आणि बहुतेकदा तेवढंही कारण सापडत नाही. गोळ्यांमुळे होणारा हा प्रकार लहान आतड्याच्या मधल्या भागात, जेजुनममध्ये, सर्वांत जास्त दिसतो. पोटावर मार लागून होतो तो बहुधा आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, ड्युओडेनममध्ये. तिथे साचलेलं रक्त पित्तनळीचं तोंड दाबू शकतं, आणि मग कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज हेच पहिलं लक्षण ठरतं.

याशिवाय रक्त थेट आतड्याच्या पोकळीत उतरू शकतं, तेव्हा ते शौचात दिसतं. पोटाच्या मागच्या बाजूला, कंबरेच्या स्नायूंत साचलं तर मांडी सरळ करताना कळ येते आणि आतड्यांची हालचाल मंदावते. पोटाच्या पुढच्या उभ्या स्नायूत साचलं तर एका बाजूला दुखरा गोळा लागतो. झोपून डोकं उचललं की तो गोळा तसाच राहतो आणि दुखणं वाढतं. पोटावर हेपॅरिनची इंजेक्शनं घेणाऱ्यांत हा शेवटचा प्रकार विशेष लक्षात ठेवावा.

घरी काय पाहायचं

भिंतीतल्या रक्तस्रावाचं दुखणं साधारण बेंबीभोवती किंवा तिच्या वर असतं. आधी मुरडा मारल्यासारखं येतं आणि जातं, मग सतत राहतं. मळमळ, जेवल्यावर लगेच उलटी, पुढे हिरवट-पिवळ्या पित्ताच्या उलट्या, पोट फुगणं, गॅस आणि शौच बंद होणं असा क्रम काही तासांपासून काही दिवसांपर्यंत उलगडतो. ताप सहसा नसतो. हिरड्यांतून रक्त, नाकाचा घोळणा फुटणं, लघवी लालसर होणं, अंगावर कारण नसताना काळे-निळे डाग अशी एखादी खूण सोबत असेल तर संशय पक्का होतो. पण यातलं काहीच नसलं म्हणून संशय सोडू नये. आतड्याच्या भिंतीत रक्त साचलेल्या पुष्कळ रुग्णांत बाहेर काहीच दिसत नाही.

शौचाचा रंग दिवसाउजेडी नीट पाहावा. जठरातून किंवा लहान आतड्याच्या वरच्या भागातून ५० ते १०० मिलिलिटर रक्त गेलं तरी शौच काळं होऊ शकतं. ते डांबरासारखं चकचकीत व चिकट असतं, आणि त्याला एक उग्र वास येतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण त्यात हिरवट छटा असते, ते घट्ट असतं आणि तो वास नसतो. बिस्मथ असलेल्या पोटाच्या औषधांनीही तसंच होतं. ताजं लाल रक्त दिसलं की बरेच लोक ते जुन्या मूळव्याधीच्या नावावर टाकतात. गोळी चालू असताना हा हिशेब घरी करू नये, कारण औषधामुळे सुरू झालेला रक्तस्राव अनेकदा आधीच असलेल्या आणि अजून न सापडलेल्या अल्सरमधून, गाठीतून किंवा कर्करोगातून होत असतो. रक्तस्राव थांबल्यावरही काळं शौच दोन-चार दिवस येत राहतं, तेव्हा तेवढ्यावरून तो चालूच आहे असं ठरवता येत नाही.

उभं राहिल्यावर अंधारी येणं, घाम सुटणं, हातपाय गार पडणं, छातीत धडधडणं ही रक्त बरंच गेल्याची चिन्हं आहेत. इथे एक फसगत होते. हे रुग्ण बहुधा हृदयाचे असतात आणि मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंद ठेवणारी गोळी घेत असतात. रक्त गेलं तरी त्यांची नाडी वाढत नाही आणि ‘नाडी ठीक आहे’ या वाक्याने सगळ्यांना खोटा धीर येतो. अशा माणसात नाडीपेक्षा रक्तदाब आणि उभं राहिल्यावरची अवस्था पाहावी.

संशय आला की पहिल्या तासात

काळं किंवा लाल शौच, रक्ताची उलटी, घेरी, किंवा उलट्यांसह न थांबणारी पोटदुखी असेल तर थेट आपत्कालीन विभाग असलेल्या रुग्णालयात जावं. जिथे रक्तपेढी आणि सीटी स्कॅन दोन्ही आहेत असं रुग्णालय निवडावं, म्हणजे पुन्हा हलवाहलव होत नाही. तिथे पोहोचून डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा पुढचा डोस घेऊ नये. नुसतं हलकं दुखणं असेल, उलटी आणि रक्त नसेल, तर गोळी स्वतःहून बंद न करता त्याच दिवशी आयएनआर करून तो डॉक्टरांना कळवावा. कारण गोळी बंद करण्याचाही धोका खरा आहे, आणि तो पक्षाघाताच्या किंवा झडपेवरच्या गुठळीच्या रूपाने येतो.

या वेळात काही गोष्टी कटाक्षाने टाळायच्या आहेत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांपैकी कोणतंही वेदनाशामक घेऊ नये. ती जठराच्या अस्तराला इजा करतात आणि रक्तबिंबिकांना (प्लेटलेट्स) एकमेकींना चिकटू देत नाहीत, म्हणजे एका दोषावर दुसरा चढतो. कंबरेत किंवा दंडात स्नायूत दिलं जाणारं कुठलंही इंजेक्शन नको, कारण तिथे स्नायूत रक्त साचून मोठा गोळा होऊ शकतो. इंजेक्शन द्यायला निघालेल्या डॉक्टरांना ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे’ हे वाक्य आधी ऐकवावं. बद्धकोष्ठता समजून जुलाबाचं औषध किंवा एनिमा देऊ नये, अडथळ्याच्या वर ढकलण्याने आतडं आणखी ताणलं जातं. उलट्या होत असतील तर तोंडाने काही देऊ नये.

जीवनसत्त्व के ची गोळी घरात असली तरी स्वतःहून घेऊ नये, ही सूचना यांत्रिक झडप असलेल्यांसाठी तर दुप्पट जोराने सांगायला हवी. जास्त मात्रा पोटात गेली तर आयएनआर खालच्या टोकाला जातो, पुढचे कित्येक दिवस वॉर्फरिन चढतच नाही आणि तेवढ्या काळात झडपेवर गुठळी बसू शकते.

सोबत न्यायच्या गोष्टी थोड्याच, पण त्यांनी तास वाचतात. गोळ्यांची पाकिटं, नुसती नावं नव्हेत, कारण मात्रा पाकिटावर असते. शेवटचा डोस किती वाजता घेतला ते. आयएनआरची वही. औषध कशासाठी चालू आहे आणि झडप असेल तर ती कोणत्या जागी, कोणत्या प्रकारची. आणि गेल्या तीन आठवड्यांत सुरू झालेली किंवा थांबलेली प्रत्येक गोष्ट: अँटिबायोटिक, तोंडात लावायचं जेल, काढे, पूरक गोळ्या, सगळं.

रुग्णालयात कोणत्या तपासण्या, आणि कोणत्या क्रमाने

आयएनआर शिरेतल्या रक्तावर प्रयोगशाळेत करावा. बोटाला टोचून सांगणारं छोटं यंत्र रोजच्या वापराला चांगलं आहे, पण ४.५ ते ५ च्या वर त्याचा आकडा भरवशाचा राहत नाही. सोबत रक्तगट आणि रक्त जुळवणी, हिमोग्लोबिन, रक्तबिंबिका, युरिया, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या, लायपेज (स्वादुपिंडाच्या सुजेसाठी) आणि लॅक्टेट (रक्तपुरवठा कमी पडतोय का हे पाहायला). पहिलं हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून निश्चिंत होऊ नये. वाहून गेलेल्या रक्ताची जागा पाण्याने भरून यायला काही तास लागतात, तोवर आकडा खोटा धीर देतो. चार-सहा तासांनी तो पुन्हा करावा. क्रिएटिनिन फारसं न वाढता युरिया वाढला असेल तर वरच्या आतड्यात रक्त पचत असल्याचा तो इशारा असतो.

सीटी स्कॅनमध्ये एक बारकावा आहे आणि तो विनंतीपत्रावर लिहायलाच हवा: आधी कॉन्ट्रास्टशिवाय (शिरेतून देतात ते, चित्रात उजळ दिसणारं औषध), मग कॉन्ट्रास्टसह. ताजं रक्त साध्या स्कॅनमध्ये भिंतीतच उजळ दिसतं, साधारण ३० ते ८० हाउन्सफील्ड एककं (सीटीतलं घनतेचं माप). कॉन्ट्रास्ट दिल्यावर भोवतालचं सगळंच उजळतं आणि हा फरक बुजून जातो. मग अहवालात ‘आतड्याची भिंत जाड’ एवढंच येतं आणि क्षयरोग, क्रोन्स (आतड्याचा दीर्घकाळचा दाह) किंवा लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) अशी यादी सुरू होते. सीटी नसेल तिथे सोनोग्राफीतही जाड झालेलं कडं दिसू शकतं, पण फुगलेल्या पोटात गॅसमुळे ती अनेकदा अपुरी पडते.

दुसरी शक्यता इतकी महत्त्वाची आहे की तिच्यासाठी थांबायलाच हवं. हा माणूस गोळी घेतो ते त्याच्या शरीरात गुठळ्या होतात म्हणून. आयएनआर कमी पडला असेल तर हृदयातली गुठळी आतड्याच्या धमनीत जाऊन अडकते आणि आतडं कुजू लागतं. पोटात असह्य दुखतं, पण हात लावला तर पोट मऊ. म्हणजे एकाच रुग्णाला, एकाच तक्रारीसाठी, दोन अगदी उलट आजार होऊ शकतात: एकात औषध उतरवायचं आणि दुसऱ्यात वाढवायचं. आयएनआर १.३ असेल तर संशय धमनीकडे वळवावा, ९ असेल तर भिंतीतल्या रक्ताकडे. तरी अंतिम शब्द सीटीचाच, कारण कॉन्ट्रास्टच्या टप्प्यात धमन्या आणि शिरा स्पष्ट दिसतात.

औषध कसं उतरवतात

प्रत्यक्ष रक्तस्राव आहे की फक्त आकडा वाढलेला आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

रक्तस्राव नाही आणि आयएनआर ४.५ ते १० आहे, तर सहसा एक-दोन डोस थांबवून एक-दोन दिवसांत पुन्हा तपासणं पुरतं. जीवनसत्त्व के प्रत्येकाला देण्याची गरज नसते. १० च्या वर असेल तर रक्तस्राव नसला तरी तोंडाने २.५ ते ५ मिलिग्रॅम देतात. त्याचा परिणाम दिसायला जवळपास एक दिवस लागतो.

आतड्यात किंवा त्याच्या भिंतीत रक्तस्राव सिद्ध झाला, की जीवनसत्त्व के ५ ते १० मिलिग्रॅम सलाईनमध्ये मिसळून शिरेतून २० ते ३० मिनिटांत सावकाश दिलं जातं. सावकाश यासाठी, की झटकन दिल्यास क्वचित प्रसंगी जीवघेणी अ‍ॅलर्जी होते. पण याने यकृताला नवे घटक बनवायला सहा ते बारा तास लागतात, आणि तोवर रक्त वाहत राहणार. म्हणून तयार घटक बाहेरून द्यावे लागतात. चार घटक असलेलं प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स मिळत असेल तर तेच पहिली पसंती. मात्रा वजन आणि आयएनआर पाहून ठरते: २ ते ४ पर्यंत किलोमागे २५ एककं, ४ ते ६ साठी ३५, ६ च्या वर ५०, वजन कितीही असलं तरी १०० किलोच्या हिशेबापुढे जात नाहीत. काही मिनिटांत देऊन होतं आणि अर्ध्या तासात आयएनआर खाली दिसतो.

ते नसेल तर ताजा गोठवलेला प्लाझ्मा (रक्तातला पेशी काढून उरलेला द्रव), किलोमागे १० ते १५ मिलिलिटर. ६० किलोच्या माणसाला हे ६०० ते ९०० मिलिलिटर होतं. दुबळ्या हृदयाच्या रुग्णाला एवढं द्रव सोसवत नाही, फुफ्फुसांत पाणी भरतं. शिवाय वितळवायला आणि द्यायला वेळ जातो. म्हणून प्लाझ्मा देताना श्वासाकडे आणि ऑक्सिजनच्या आकड्याकडे सतत लक्ष असावं.

इथे नेहमी होणारी एक चूक: कॉम्प्लेक्स किंवा प्लाझ्मा दिला, आयएनआर १.४ आला, सगळे समाधानी झाले आणि जीवनसत्त्व के द्यायचं राहून गेलं. बाहेरून दिलेला सातवा घटक काही तासांत संपतो, वॉर्फरिन मात्र अजून शरीरात असतं. रात्रीतून आयएनआर पुन्हा ४ वर जातो आणि आतड्यात पुन्हा रक्त पाझरू लागतं. दोन्ही एकत्रच द्यायचे असतात, आणि आयएनआर अर्ध्या तासाने, मग सहा तासांनी, मग २४ तासांनी पाहायचा असतो.

हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं तर रक्त चढवतात, हृदयविकार असेल तर ८ ला. भिंतीतल्या रक्तस्रावासाठी बाकी उपचार म्हणजे आतड्याला विश्रांती: तोंडाने काही नाही, नाकातून जठरात नळी, शिरेतून सलाईन आणि पोटॅशियमची भरपाई. दर काही तासांनी तोच डॉक्टर पोट तपासत असेल तर उत्तम, बदल त्यालाच कळतो.

ऑपरेशन कधी? आतड्याला छिद्र पडलं, भिंत कुजली, पोट लाकडासारखं कडक झालं किंवा औषध उतरवूनही रक्त थांबत नसेल तर. नुसता अडथळा आहे म्हणून नव्हे. हा अडथळा आतून सुटतो: रक्त शोषलं जातं तशी पोकळी मोकळी होत जाते. साधारण चार ते सहा दिवसांत दुखणं आणि उलट्या कमी होतात, गॅस सरतो. मग आधी पाणी, मग पातळ, मग मऊ आहार असं दोन-तीन दिवसांत पुढे जावं. भिंत पूर्ववत व्हायला मात्र दोनेक महिने लागू शकतात. तेव्हा सीटी पुन्हा करावा. जाडी तशीच राहिली असेल तर ती रक्ताची नव्हती, तिचं दुसरं कारण शोधायला हवं.

शौचातून रक्त गेलं असेल तर एन्डोस्कोपीही लागते. त्यासाठी आयएनआर पूर्ण १ वर येण्याची वाट पाहत बसू नये. तो २.५ च्या खाली आला की दुर्बीण आत घालता येते आणि वाहणाऱ्या अल्सरला क्लिपही लावता येते.

नव्या गोळ्यांबाबत थोडक्यात

डॅबिगॅट्रान, रिव्हॅरोक्सबॅन, अ‍ॅपिक्सबॅन या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांत आयएनआर पाहून काही ठरवता येत नाही, आणि जीवनसत्त्व के चा त्यांच्यावर उपयोग नाही. महत्त्वाचं काय, तर शेवटच्या डोसची वेळ आणि मूत्रपिंडाचं काम. डॅबिगॅट्रानचा साधारण ८० टक्के भाग मूत्रपिंडातून जातो. जुलाब-उलट्यांनी शरीर सुकलं, मूत्रपिंड मंदावलं, की नेहमीचीच मात्रा अति ठरते. तिचं उतारऔषध इडारुसिझुमॅब, ५ ग्रॅम शिरेतून. रिव्हॅरोक्सबॅन आणि अ‍ॅपिक्सबॅनसाठी बहुतेक ठिकाणी प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्सच वापरतात. शेवटचा डोस दोन-चार तासांच्या आत घेतला असेल आणि उलट्या किंवा अडथळा नसेल, तर सक्रिय कोळसा पाजून पोटातलं औषध शोषून घेता येतं. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडून पाण्यात देऊ नये, त्याने रक्तात जाणारं औषध खूप वाढतं. ती बसून, पेलाभर पाण्यासोबत घ्यावी. अन्ननलिकेत अडकली तर तिथेच व्रण पडतो.

आयएनआर चढला कशामुळे, ते शोधा

कारण न शोधता रुग्णाला घरी पाठवलं तर तोच प्रकार पुन्हा होतो. सर्वांत जास्त वेळा कारण म्हणजे मध्येच सुरू झालेलं दुसरं औषध. मेट्रोनिडॅझोल, को-ट्रायमोक्साझोल आणि फ्लुकोनॅझोल ही तीन नावं पाठच करावीत. ती यकृतात वॉर्फरिनचं विघटन रोखतात आणि चार-पाच दिवसांत आयएनआर दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. त्यात मेट्रोनिडॅझोल जुलाबांसाठी दिलं जातं, आणि जुलाब व न जेवणं यानेही आयएनआर चढतोच, म्हणजे तिन्ही गोष्टी एकाच दिशेने ओढतात. क्लॅरिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन हीदेखील त्याच यादीत. अ‍ॅमिओडॅरोनचा परिणाम आठवड्यांनी वाढत जातो आणि ते बंद केल्यावरही महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून ते सुरू करताना वॉर्फरिन सहसा तिसऱ्या हिश्शाने ते निम्म्याने कमी करावं लागतं.

तोंड आल्यावर लावायचं मायकोनॅझोल जेल हे सर्वांत दुर्लक्षित कारण. ‘लावायचं औषध’ म्हणून कोणी सांगत नाही, पण ते गिळलं जातं आणि आयएनआर धोक्याच्या पातळीवर नेऊ शकतं. पॅरासिटामॉल हे या रुग्णांसाठी इतर वेदनाशामकांपेक्षा सुरक्षित, तरी रोज २ ग्रॅम किंवा जास्त असं सलग काही दिवस घेतलं तर आयएनआर चढतो. क्षयाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन उलट दिशेने काम करतं: ते चालू असताना वॉर्फरिनची मात्रा खूप वाढवावी लागते, आणि कोर्स संपल्यावर ती वाढीव मात्रा कोणी कमी केली नाही तर दोन-तीन आठवड्यांत रक्तस्राव ठरलेला.

दुसरा मोठा गट गोळ्यांच्या गोंधळाचा. १ मिलिग्रॅमऐवजी ५ ची पट्टी, एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोन डॉक्टरांकडून, ‘अर्धी’ सांगितलेली पूर्ण, एक दिवसाआड सांगितलेली रोज. पाकिटं समोर पसरून मोजल्याशिवाय हे सापडत नाही. मग येतात शरीरातले बदल: ताप, हृदय कमजोर होऊन यकृताला सूज, थायरॉइडचं काम वाढणं, मद्य, वजन उतरणं.

यातलं कोणतंही नवं औषध टाळता येत नसेल तर सुरू केल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आयएनआर करा, आणि कोर्स संपल्यावर आठवड्याभरात पुन्हा. हिरव्या पालेभाज्या बंद करू नका. त्यांचं प्रमाण रोज साधारण सारखं असणं महत्त्वाचं आहे. खाणं एकदम कमी झालं तर ते डॉक्टरांना कळवा.

पुन्हा सुरू करताना

रक्त थांबलं म्हणून त्याच दिवशी गोळी सुरू होत नाही, आणि घाबरून कायमची बंदही करायची नसते. बहुतेकांत साधारण ७ ते १४ दिवसांनी, दुखणं गेलेलं, हिमोग्लोबिन स्थिर आणि शौच नेहमीचं झालेलं असताना ती सुरू होते. यांत्रिक झडप असेल तर एवढं थांबणं परवडत नाही. रुग्णालयात शिरेतून हेपॅरिन देऊन सुरुवात करतात, कारण रक्त दिसलं तर ते बंद केल्यावर काही तासांत उतरतं आणि प्रोटामिन या उतारऔषधाने लगेच निष्प्रभही करता येतं. हा निर्णय हृदयाचे आणि पोटाचे डॉक्टर दोघांनी मिळून घ्यावा, आणि तारीख कागदावर लिहून घ्यावी. ‘नंतर बघू’ म्हणून घरी गेलेल्या माणसाची गोळी कित्येकदा कोणीच सुरू करत नाही.

औषध बदलून नवी गोळी देता येईल का, हा प्रश्न जरूर विचारा. पण यांत्रिक झडप किंवा मायट्रल झडप बऱ्यापैकी अरुंद झालेली असेल तर वॉर्फरिनच्याच जातीची गोळी लागते. नव्यांपैकी निवड असेल तर आतड्यातल्या रक्तस्रावाच्या बाबतीत अ‍ॅपिक्सबॅन तुलनेने सौम्य आहे. सोबत अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती खरोखर हवी आहे का ते नव्याने तपासून घ्या. अनेकांत ती जुन्या चिठ्ठीवरून तशीच चालत आलेली असते. अल्सर सापडला असेल तर पॅन्टोप्रॅझोलसारखी अ‍ॅसिड कमी करणारी गोळी आणि अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणी. आयएनआर वाढलेला होता म्हणून रक्त गेलं, असं म्हणून एन्डोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी टाळू नका.

गोळी रोज संध्याकाळी एकाच वेळी घ्या. सकाळी दिलेल्या रक्ताचा आकडा दुपारपर्यंत हाती येतो आणि त्याच संध्याकाळचा डोस बदलता येतो, हा त्यामागचा हेतू. विसरलेला डोस त्याच दिवशी आठवला तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवला तर सोडून द्या, दुप्पट कधीच नाही. वहीत रोजच्या मात्रेसोबत आठवड्याची बेरीज लिहा. बदल या बेरजेच्या ५ ते २० टक्क्यांत करतात, त्यामुळे एखाद्या दिवशी पाव गोळीचा फरक सांगितला तर तो नेमका किती, हे कळतं. पुन्हा सुरू केल्यावर आयएनआर तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी, मग आकडा सलग दोनदा ठरवलेल्या पट्ट्यात येईपर्यंत दर आठवड्याला. या पहिल्या महिन्यात जेवल्यावर पोट फुगून दुखू लागलं, तर वाट न पाहता त्याच दिवशी आयएनआर आणि हिमोग्लोबिन दोन्ही करून घ्या.